गव्हाचा आजार आणि विषाणूचा धक्का : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लहान मुलांच्या रक्तक्षयाविषयी लिहिताना सीलिअ‍ॅक आजाराचा, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतडे झिजण्याच्या विकाराचा, उल्लेख ओघात आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे त्या एकाच आजाराविषयी आहेत, आणि त्यांतील शंकाही बहुतांशी एकच आहे: एखाद्या संसर्गामुळे हा आजार सुरू होतो का? म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. ज्या पत्रांचा आशय सारखा होता, त्यांतील एकेक पत्र निवडले आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती अडीच वर्षांची असताना तिला जुलाब-उलट्यांचा जबर त्रास झाला आणि दोन दिवस सलाइन लावावे लागले. तोपर्यंत ती चांगली गुटगुटीत होती. त्यानंतर तिचे पोट कधी ठिकाणावर आलेच नाही. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे आणि ताट समोर ठेवले की रडारड. जंतांची औषधे झाली, टॉनिके झाली, दृष्टही काढून झाली. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ७.८ निघाले आणि पुढच्या तपासण्यांत सीलिअ‍ॅक आजार असल्याचे कळले. सासूबाई म्हणतात, त्या वेळी जत्रेत बाहेरचे पाणी पाजले, त्याचेच हे सारे. डॉक्टर, त्या जुलाबामुळेच हा आजार झाला का? मी तेव्हा काळजी घेतली असती तर तो टळला असता का?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. त्या दिवशी तुम्ही पाणी उकळून पाजले असते तर हा आजार टळलाच असता, असे जगातील कोणताही जाणकार आज सांगू शकणार नाही. ज्या विषाणूंवर संशोधकांचा संशय आहे, ते इतके सर्वत्र आहेत की पहिल्या तीन वर्षांत त्यांच्यापैकी कोणाशीच गाठ पडली नाही असे मूल सापडणे कठीण. तुमच्या हातून काही चुकले म्हणून मुलगी आजारी पडली, हा विचार कृपया मनातून काढून टाका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया फाइल उघडतात ती ताज्या अहवालांच्या पानावर नव्हे, तर जुन्या कुठल्यातरी जुलाबाच्या डिस्चार्ज कार्डावर. ते कार्ड पुन्हा पुन्हा उघडून त्याच्या घड्या विरलेल्या असतात. म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

जुलाबाचा आणि या आजाराचा काही संबंध असू शकतो का, हा तुमचा पहिला प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. संशोधक गेली चाळीस वर्षे त्याच्या मागे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत उत्तराची दिशा बरीच स्पष्ट होऊ लागली आहे.

आधी आजार नीट समजून घेऊ. गहू, जव आणि राय (rye; मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाच्या प्रथिनांचा समूह असतो. आपल्या पाचकरसांना ही प्रथिने पूर्णपणे तोडता येत नाहीत आणि त्यांचे काही लांब तुकडे तसेच शिल्लक राहतात. त्यांतील ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा २००२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिला आणि तो विशेष चिवट ठरला. असे तुकडे सगळ्यांच्याच आतड्यात तयार होतात आणि बहुतेकांना त्यांचा काही उपद्रव होत नाही. पण काहींच्या आतड्याच्या अस्तराखाली टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर ज्याला टीटीजी म्हणतात ते विकर, या तुकड्यांत थोडा रासायनिक बदल घडवते. बदललेला तुकडा एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ या जनुकांच्या लोकांतील प्रतिकारपेशींच्या खाचेत नेमका बसतो. मग शरीर त्या तुकड्याला शत्रू मानते, त्याच्याविरुद्ध आणि स्वतःच्याच टीटीजीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि या लढाईत लहान आतड्यातील अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. तुमच्या मुलीचे हिमोग्लोबिन ७.८ वर आले ते तिला कमी खाऊ घातले म्हणून नव्हे. खाल्लेल्या अन्नातील लोह ओढून घ्यायला आतड्याचा पृष्ठभागच उरला नव्हता.

आता खरी अडचण अशी की ही जनुके दुर्मीळ नाहीत. भारतातील पाहण्यांतही साधारण दर तिसऱ्या माणसाकडे ती आढळली आहेत, आणि गहू तर उत्तर भारतात घरोघर रोज खाल्ला जातो. तरीही ही जनुके असलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोकांनाच आजार होतो. एकाच घरातील दोन भावंडे, दोघांचीही जनुके तीच, ताटात पोळीही तीच, आणि एक आजारी तर दुसरे ठणठणीत. म्हणजे जनुके आणि गहू यांच्याखेरीज आणखी काहीतरी तिसरे लागते. त्या तिसऱ्याच्या शोधात विषाणूंचे नाव पुन्हा पुन्हा पुढे आले आहे.

पहिला संशय १९८४ साली एका अ‍ॅडिनोव्हायरसवर घेतला गेला, कारण त्याच्या एका प्रथिनाचा छोटा भाग गव्हातील ग्लायडिन या ग्लुटेन-प्रथिनाशी जुळत होता. विषाणूशी लढायला निघालेले शरीर चेहरेपट्टीतील साम्यामुळे गव्हावर उलटते, अशी ती कल्पना होती. ती आकर्षक होती, पण पुढच्या तपासण्यांत टिकली नाही. त्यानंतर अमेरिकेतील डेन्व्हर येथे, जनुकांमुळे धोका असलेल्या १,९३१ मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांना रोटाव्हायरस या जुलाब आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग वारंवार होऊन गेला होता, त्यांच्या रक्तात टीटीजीची प्रतिपिंडे दिसण्याचे प्रमाण अधिक आहे, असे २००६ साली त्यातून पुढे आले. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन या चार देशांत मिळून चाललेल्या टेडी नावाच्या मोठ्या अभ्यासानेही २०१७ साली असेच काहीसे सांगितले. जुलाब-उलट्यांचा आजार होऊन गेल्यानंतरच्या तीन महिन्यांत ही प्रतिपिंडे दिसू लागण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढत होती.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो २०१९ साली प्रसिद्ध झालेला नॉर्वेतील अभ्यास. तेथे धोक्याची जनुके असलेल्या मुलांच्या पालकांनी, मूल तीन महिन्यांचे झाल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत, दर महिन्याला शौचाचा नमुना गोळा करून दिला. या चिकाटीची किंमत तान्ह्या मुलाचे लंगोट बदलणाऱ्यालाच कळेल. पुढे काही वर्षांनी कोणत्या मुलांना सीलिअ‍ॅक झाला ते पाहून जुने नमुने शीतपेटीतून बाहेर काढण्यात आले. ज्या २५ मुलांना आजार झाला, त्यांच्या प्रतिपिंडे दिसण्याआधीच्या नमुन्यांत एंटेरोव्हायरस अधिक वेळा सापडला. हे पोलिओच्या विषाणूचे आणि हात-पाय-तोंडावर फोड आणणाऱ्या विषाणूंचे कुटुंब आहे. ज्या संसर्गात विषाणूंची संख्या फार मोठी होती किंवा जो दोन महिन्यांहून अधिक रेंगाळला, त्याचा संबंध अधिक ठळक होता. अ‍ॅडिनोव्हायरसचा मात्र काहीही संबंध दिसला नाही.

आता यातील आकडे नीट पाहा. आजारी पडलेल्या मुलांच्या दर शंभर नमुन्यांपैकी साधारण वीसांत एंटेरोव्हायरस होता आणि निरोगी राहिलेल्या मुलांच्या दर शंभरांपैकी पंधरांत. फरक आहे आणि तो योगायोगाचा वाटत नाही, पण त्याच विषाणूशी सामना होऊनही बहुसंख्य मुले निरोगीच राहिली. शिवाय मूल गहू खाऊ लागल्यानंतर झालेल्या संसर्गांशीच हा संबंध होता. २०२० साली टेडीच्या अभ्यासातून या चित्राला आणखी एक रेघ जोडली गेली: एक ते दोन वर्षांच्या वयात एंटेरोव्हायरसचा संसर्ग आणि पोटात जाणारे ग्लुटेन अधिक, असे दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. एकट्या विषाणूवर बोट ठेवता येत नाही ते यामुळेच.

विषाणू हे घडवतो तरी कसे? याचा सर्वांत चांगला उलगडा २०१७ साली शिकागो विद्यापीठातील बाना जाब्री आणि पिट्सबर्ग येथील टेरेन्स डर्मोडी यांच्या गटांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून झाला. त्यांनी निवडला होता रिओव्हायरस. हा विषाणू माणसाला लहानपणी सर्रास होतो आणि कोणाच्या ध्यानातही न येता निघून जातो. पोलिओच्या डोसामुळे आपल्याला परिचित असलेल्या अल्बर्ट सेबिन यांनी १९५९ साली त्याला हे नाव दिले, तेव्हा त्यातील एक अक्षर ‘अनाथ’ या अर्थाच्या शब्दावरून घेतले होते, कारण त्याच्या नावावर एकही आजार नव्हता.

आपल्या आतड्यातील प्रतिकारयंत्रणा रोज किलोभर परके पदार्थ पाहते आणि त्यांना ‘हे अन्न आहे, याच्याशी भांडायचे नाही’ असे शिकून सोडून देते. ही सवय लावून देणाऱ्या शांतिरक्षक पेशी असतात. रिओव्हायरसच्या एका प्रकाराचा संसर्ग चालू असतानाच उंदरांना ग्लुटेन खाऊ घातले, तेव्हा विषाणूविरुद्ध सुटलेल्या इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनांच्या गजरात या शांतिरक्षक पेशी तयारच झाल्या नाहीत आणि उलट ग्लुटेनविरुद्ध लढणाऱ्या पेशी तयार झाल्या. विषाणू निघून गेला, पण ग्लुटेनशी लागलेले वैर मागे राहिले. उंदरांना माणसासारखा पूर्ण आजार झाला नाही, त्यांच्या आतड्याचे अस्तर सपाट झाले नाही, हेही सांगायला हवे. त्याच अभ्यासात सीलिअ‍ॅकच्या रुग्णांच्या रक्तात रिओव्हायरसविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त आढळले. इंटरफेरॉनवरच्या या संशयाला माणसांतूनही दुजोरा मिळतो: यकृतदाहाच्या ‘क’ प्रकारावर (हिपॅटायटिस सी) पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत, तेव्हा काही रुग्णांत दबून असलेला सीलिअ‍ॅक उफाळून आल्याच्या नोंदी आहेत.

आता तुमच्या मुलीकडे येतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, असे तिच्या बाबतीत झाले असेल का? तीन शक्यता दिसतात. त्या जुलाबाने खरोखरच आतड्याला तो शेवटचा धक्का दिला असेल. किंवा आजार आधीच आत शिरलेला असेल आणि झिजलेल्या आतड्याला साधा संसर्गही झेपला नसेल, म्हणूनच सलाइनपर्यंत पाळी आली असेल. किंवा दोहोंचा काहीच संबंध नसेल आणि जबर आजारपण ठळक लक्षात राहते म्हणून मागे वळून पाहताना सगळी सुरुवात तेथूनच झाल्यासारखी वाटत असेल. त्या वेळी टीटीजीची तपासणी झालेली नसल्याने यांतील कोणती खरी, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. मी मात्र एवढे खात्रीने सांगतो की कावळा कोणताही असो, फांदी कमकुवत होती ती जनुकांमुळे, आणि ती रोज झिजत होती गव्हामुळे. जनुके तिला तुम्ही दोघांनी न कळत दिली, जशी तिचे डोळे आणि हसणे दिले. सासूबाईंना हे पान वाचायला द्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला होता. त्या उपासमारीतही या आजाराची मुले सुधारताना आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा ढासळताना विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना दिसली. गहू हाच या रोगाचे इंधन आहे, हा त्यांचा निष्कर्ष आजही जसाच्या तसा उभा आहे. धक्का कोणीही दिलेला असो, इंधन बंद करणे तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मी रत्नागिरीचा. मुलगा नोकरीनिमित्त चंडीगडला असतो. तेथे नातवाला हा आजार निघाला. आमच्या साऱ्या भावकीत असा आजार कोणी ऐकलेला नाही. तिकडच्या हवेत किंवा पाण्यात काही दोष आहे का? की तिकडे असे विषाणू जास्त आहेत?
— एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या शंकेला भारतातच एक सुंदर उत्तर मिळालेले आहे. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. धोक्याची जनुके तिन्हीकडे जवळपास सारख्याच लोकांत होती: उत्तरेत सुमारे ३८ टक्के, ईशान्येत ३१ आणि दक्षिणेत ३६. पण सीलिअ‍ॅकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के लोकांत सापडली आणि दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के लोकांत. उत्तरेतील माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतील २५ ग्रॅम. एवढा फरक समोर असताना हवेपाण्याकडे जाण्याची गरज उरत नाही. तुमच्या भावकीत ही जनुके पिढ्यान्‌पिढ्या असूही शकतील, पण भात, नाचणी आणि वरी यांच्या ताटात ती निजून राहिली. नातू परोठे आणि ब्रेडच्या गावात वाढला.

विषाणू तिकडेच जास्त आहेत असेही म्हणता येत नाही. येथे फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा कारेलिया प्रांत यांची तुलना फार उद्बोधक आहे. दोन्हीकडच्या लोकांची जनुके जवळची आणि गहू खाणेही कमी नाही, रशियाच्या बाजूला तर थोडे अधिकच. एंटेरोव्हायरससारखे संसर्ग रशियाच्या बाजूला जास्त. तरीही शाळकरी मुलांत आजाराचे प्रमाण फिनलंडमध्ये दर १०७ मुलांत एक आणि कारेलियात दर ४९६ मुलांत एक निघाले. संसर्ग झाला की आजार झाला, एवढे सरळ गणित असते तर हे आकडे उलटे दिसले असते. कोणत्या वयात, किती काळ, आणि पोटात किती गहू असताना संसर्ग झाला, हे बहुधा संसर्गांच्या संख्येहून महत्त्वाचे असावे. लहानपणी तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंशी ओळख झालेल्या आतड्याला काही अंशी संरक्षण मिळते, असेही अनेक संशोधक मानतात. म्हणून ‘तिकडची अस्वच्छता’ असा ठपका सुनेच्या घरावर किंवा त्या शहरावर ठेवू नका.

प्रश्न : माझ्या पत्नीला सीलिअ‍ॅक आहे. आमचे बाळ पाच आठवड्यांचे असून पुढच्या आठवड्यात लसीकरण आहे. रोटाव्हायरसमुळे हा आजार सुरू होऊ शकतो असे वाचले. मग रोटाव्हायरसची लस, जी जिवंत विषाणूची असते असे म्हणतात, ती आमच्या बाळाला द्यावी का? आणि गहू कधी सुरू करावा?
— एक वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लस जरूर द्या, आणि वेळेवर द्या. तुमची भीती समजण्यासारखी आहे, पण पुरावा तिच्या उलट बाजूचा आहे. लसीतील विषाणू जिवंत असला तरी आजार न करणारा किंवा क्षीण केलेला असतो. फिनलंडमध्ये राष्ट्रीय नोंदींवरून लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा लसीमुळे सीलिअ‍ॅक वाढल्याचे दिसले नाही. त्याच देशात लसीच्या जुन्या चाचणीत सहभागी झालेल्या मुलांची ११ ते १४ वर्षांनी विचारपूस केली, तेव्हा खोटी लस मिळालेल्यांत सीलिअ‍ॅकचे प्रमाण ०.६० टक्के आणि खरी लस मिळालेल्यांत ०.३० टक्के निघाले. एवढ्यावरून ही सीलिअ‍ॅकची लस आहे असे मी म्हणणार नाही. दोन्ही आकडे लहान आहेत. पण लस न देण्याचे कारण त्यात तर मुळीच नाही.

आणि सीलिअ‍ॅकचा प्रश्न बाजूला ठेवला तरी रोटाव्हायरसच्या जुलाबाने तान्ह्या बाळाच्या अंगातील पाणी काही तासांत आटते. आपल्या देशात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने, आणि २०१९ पासून सर्वत्र, ही लस सरकारी कार्यक्रमात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे विनामूल्य दिली जाते. त्यातील रोटाव्हॅक ही हैदराबादची आणि रोटासिल ही आपल्या पुण्याची. रोटाव्हॅकचा मूळ विषाणू दिल्लीच्या एम्स रुग्णालयात १९८० च्या दशकात, संसर्ग होऊनही आजारी न पडलेल्या नवजात बाळांत सापडला होता, आणि त्यापासून लस घडवण्यात महाराज किशन भान या बालरोगतज्ज्ञांचा मोठा वाटा होता. आपल्या चाचण्यांत पहिल्या वर्षी तीव्र रोटाव्हायरस जुलाबाविरुद्ध तिचे संरक्षण सुमारे ५६ टक्के होते. बाळाला प्रतिकारशक्तीचा एखादा गंभीर जन्मजात आजार असेल किंवा आतडे आतड्यात शिरण्याचा त्रास पूर्वी होऊन गेला असेल, तर ती टाळतात.

गव्हाविषयी सांगायचे तर, सहा महिने निव्वळ स्तनपान आणि मग वरचे अन्न, हा आपला नेहमीचा नियम तुमच्या बाळालाही लागू आहे. गहू उशिरा दिल्याने आजार टळतो, किंवा अंगावर पीत असतानाच चिमूटभर दिल्याने टळतो, या दोन्ही समजुती युरोपात काळजीपूर्वक तपासल्या गेल्या आणि २०१४ साली दोन्ही फोल ठरल्या. चौथा महिना पूर्ण झाल्यापासून वर्षाच्या आत केव्हाही सुरू करता येतो, एवढेच युरोपातील बालपचनतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि सुरुवातीला मोठ्या प्रमाणात देऊ नये असेही सुचवते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व यांच्या जोडीने गव्हाची थोडीशी खीर चालेल, पण दिवसातून चार वेळा बिस्किटे दुधात कालवून देण्याची जी सवय घरोघरी दिसते, ती तुमच्या घरात नको. जुलाब चालू असतील त्या दिवसांत पहिल्यांदाच गहू देऊ नये, असे मी माझ्याकडच्या पालकांना सांगतो. त्यासाठी माझ्याकडे ठोस चाचणी नाही. उंदरांवरच्या प्रयोगावरून काढलेले ते माझे अनुमान आहे, आणि आठवडाभर थांबण्यात बाळाचे काही नुकसान नाही.

प्रश्न : विषाणूमुळे हा आजार सुरू होत असेल, तर विषाणू मारणारे औषध घेऊन तो मुळापासून बरा करता येईल का? एका ठिकाणी आम्हाला ‘आतड्याचे शुद्धीकरण’ करून वर्षभरात पुन्हा पोळी खाता येईल, असे सांगण्यात आले आहे.
— एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. आजार ओळखला जाईपर्यंत विषाणू कधीच निघून गेलेला असतो. मागे राहिलेली असते ती प्रतिकारपेशींची स्मृती, आणि ती पुसणारे औषध आज उपलब्ध नाही. पोळी परत सुरू केल्यावर काही आठवडे काहीच त्रास झाला नाही म्हणून आनंदाने पत्र लिहिणारे वाचक आहेत, पण त्या शांततेतही आतड्याचे अस्तर आत झिजत असते. आज यावर एकच उपचार आहे, ग्लुटेन कायमचे बंद. पैसे आणि वर्ष दोन्ही वाचवा.

प्रश्न : थोरल्या मुलीला आजार निघाल्यापासून आम्ही घरातून गहू हद्दपार केला आहे. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, तब्येतीने उत्तम. मागच्या महिन्यात त्याला तापासह जुलाब झाले, म्हणून आता धास्ती वाटते. त्याची तपासणी करावी का? पाहुण्यांसाठी खपली गहू ठेवला आहे, तो मुलीला चालेल का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : धाकट्याची तपासणी करायलाच हवी, पण त्या जुलाबामुळे नव्हे, तर तो तिचा सख्खा भाऊ आहे म्हणून. अशा भावंडांत शंभरात साधारण आठ-नऊ जणांना हा आजार निघतो आणि त्यांतील अनेकांना काहीही त्रास होत नसतो. त्याच्या रक्तातील टीटीजीविरुद्धची आयजीए या प्रकारची प्रतिपिंडे आणि सोबत एकूण आयजीए, एवढी तपासणी पुरे. मात्र ती जुलाब थांबल्यावर काही आठवड्यांनी करा, कारण काही संसर्गांत टीटीजी थोडा वेळ किंचित वाढून पुन्हा उतरू शकतो, आणि अशा किंचित वाढीवर घाईने शिक्का मारला जाऊ नये.

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मला फार काळजीची वाटली. घरातून गहूच गेला असेल तर धाकट्याचाही गेला. गहू बंद झाल्यावर प्रतिपिंडे हळूहळू उतरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून तपासणी होईपर्यंत त्याला, बहिणीचे ताट वेगळे ठेवून, रोज दोन पोळ्या सहा ते आठ आठवडे देत राहा आणि मग रक्त द्या. अहवाल आज निर्दोष आला तरी दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागेल. ही फेरतपासणी नको असेल तर एकदा जनुकांची तपासणी करता येते. डीक्यू २ आणि डीक्यू ८ दोन्ही नसतील तर त्याच्या बाबतीत हा विषय जवळजवळ कायमचा मिटतो. असतील, तर त्याचा अर्थ एवढाच की तो भारतातील दर तीन माणसांपैकी एक आहे.

खपली गहू मुलीला अजिबात चालणार नाही. तो जुना आहे, पौष्टिक आहे, पण गहूच आहे, आणि त्यात ग्लुटेन आहे. रवा, मैदा, शेवया, दलिया, सातूचे पीठ, हे सारेही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा आणि शिंगाडा तिला चालतात, पण ज्वारी गिरणीत कशी दळून येते ते एकदा उभे राहून पाहा. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्याच्या पाळूत आणि कापडी पिशवीच्या नळीत शिल्लक असतो, आणि पहिले किलो-दोन किलो पीठ त्याच्यासकट तुमच्या डब्यात पडते. ग्लुटेनमुक्त म्हणवून घेण्यासाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या बारीक चिमटीहूनही कमी, इतकी आहे. घरघंटी घेणे परवडत नसेल तर गिरणीवाल्याला विनंती करून सकाळी गिरणी झाडल्यावर पहिले दळण तुमचे घ्यायला सांगा आणि त्यातलेही पहिले दोन किलो घरातील इतरांसाठी वापरा.

आणि आज संध्याकाळी फोडणी देण्याआधी हिंगाची डबी हातात घ्या. बहुतेक बांधानी हिंगात खाण्याच्या डिंकासोबत गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि ते डबीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. मुलीचे सगळे पथ्य काटेकोर पाळूनही सहा-आठ महिन्यांत टीटीजी उतरत नाही, तेव्हा मी पालकांना ती डबीच घेऊन यायला सांगतो. तांदळाच्या पिठात केलेला हिंग बाजारात मिळतो, तो आणा.